भांडायला कोणी नाही

गणपतीचा दुसरा दिवस होता. पहाटेपासून धो धो पाऊस. पडवीच्या पन्हळीतून पाण्याची जाड दोरी खाली लोंबत होती आणि मी विळीवर बसून नारळ खवत होते. दुपारच्या आरतीला मुंबईची आणखी अकरा माणसं यायची होती. तेवढ्यात बाळूदादा आला. छत्री मिटून खांबाला टेकवली, शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फोल्डर, फोल्डरमधून कागद. "सही कर गो," म्हणाला, "शाळा वाचवायची हाय." बाळूदादा माझा चुलतभाऊ आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. कागद जिल्हा परिषदेला जायचा होता. आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ, आमची शाळा पटसंख्येच्या कारणावरून बंद करून दुसऱ्या शाळेत समायोजित करू नये, वगैरे. मी पदराला हात पुसले, तरी ओला अंगठा कागदावर उमटलाच. माझा नंबर अडतिसावा. वरच्या सदतीस सह्यांवरून नजर फिरवली तर डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार, कळवा. गणपतीला सगळे चाकरमानी एकगठ्ठा सापडतात म्हणून बाळूदादानं नेमका मुहूर्त साधला होता. सही करताना मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं उदात्तही वाटलं.

खळ्याच्या कडेला तेव्हा बहादूरची बायको उभी होती. वरच्या कलमांच्या बागेत राखणीला एक नेपाळी कुटुंब बारा महिने राहतं. त्याचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नाही, आमच्याकडे प्रत्येक नेपाळी माणूस बहादूरच. ती केळीची पानं घेऊन आली होती. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, पानांच्या भाऱ्यातून पाणी ठिबकतंय. मी बाळूदादाला म्हटलं, हिची घेतलीस का सही? हिचा मुलगा आहे ना शाळेत? तो जरा घुटमळला. म्हणाला, "तिचं नाव यादीत नाय ना गो. मतदार नाय ती. साहेब विचारील ही कोण." तिनं ते ऐकलं. पानं पायरीवर ठेवली, खोळ मागे सारली आणि आमच्याच बोलीत, फक्त शेवट जरासा वर उचलत म्हणाली, "बंद झाली तर बरीच होईल ताई. माझ्या पोराला भांडायला कोण नाय."

एवढंच बोलून गेली. पानांचे पैसेही घ्यायचे विसरली.

बाळूदादा हसला, मीही हसले. पण नारळ खवताना ते वाक्य विळीच्या पात्याखाली येत राहिलं. वाडीतल्या शाळेचा पट आज पाच आहे. त्यात बाळूदादाचा धाकटा चौथीत, खिचडी शिजवणाऱ्या वहिनींची मुलगी तिसरीत, धनगरवाडीवरून उतरून येणारी दोघं भावंडं, एक पहिलीत आणि एक तिसरीत. आणि दुसरीत एकटा हा. हजेरीत त्याच्या इयत्तेपुढे एकच नाव. तो आला की वर्गाची उपस्थिती शंभर टक्के आणि त्याला ताप आला की शून्य.

मी त्या शाळेत होते तेव्हा आम्ही सत्तेचाळीस होतो. चिऱ्याची इमारत, मंगलोरी कौलं, दोन खोल्या आणि एक पडवी. शनिवारी मुलींनी जमीन सारवायची आणि मुलग्यांनी व्हाळातून पाणी आणायचं, अशी वाटणी होती आणि ती वाटणी कुणी केली असं आम्हांला कधी विचारावंसं वाटलं नाही. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. कोकण रेल्वेचं काम चालू होतं त्या दिवसांतला, कुणीतरी कुठूनतरी आणलेला. तो बडवायचा मान कुणाचा, यावरून रोज भांडण. पावसाळ्यात गळत्या कौलाखालची जागा कुणाची, यावरून भांडण. गुरुजींनी टाकलेला खडूचा तुकडा आधी कुणी पाहिला, यावरून तर मी एकीच्या वेणीला धरून पडवीभर फिरवलं होतं, आणि ती आज माझ्या मुलीची लाडकी मावशी आहे. १९९५ साली पोषण आहार सुरू झाला तेव्हा शिजवलेलं काही नसायचं, हजेरी भरली तर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. आई पिशवी घेऊन यायची. तराजू लावला की सगळ्यांच्या आया एकमेकींच्या पिशवीकडे बघायच्या आणि मग त्यांचंही भांडण. शाळा म्हटलं की मला पुस्तकाआधी हा आवाज आठवतो.

आणि पाढे. दुपारच्या सुट्टीआधी सगळे मिळून सुरात पाढे म्हणायचे. सत्तेचाळीस गळ्यांचा तो आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो असं गुरुजी म्हणायचे. त्या आवाजात मला सतराचा पाढा येत नव्हता, हे चौथीपर्यंत कुणाला कळलं नाही. सतरा नव्व्याला मी ओठ हलवायची आणि सतरा दहाला पुन्हा जोरात सामील व्हायची. एकट्या मुलाला असं लपायला जागा कुठली?

गौरीच्या दिवशी पाऊस जरा उघडला, तेव्हा दुपारी मी पाखाडीनं शाळेकडे गेले. सुट्टी होती, पण चावी वहिनींकडेच असते. दार उघडलं तर आत ओल्या खडूचा आणि तांदळाच्या कणीचा तो जुना वास. भिंतीवर मुळाक्षरं, झाडाचे भाग, कपाटात टीव्ही, त्यावर कापड. टीव्ही कुठल्याशा योजनेत आला, चालतो, पण पावसात वीज नसते. फळ्यावर खडूनं उभ्या रेघा मारून चार भाग केलेले. डावीकडे पहिलीचं कमळ, मग दुसरीची वजाबाकी, मग तिसरी, चौथी. एका फळ्यात अख्खी प्राथमिक शाळा मावलेली. कोपऱ्यात स्टीलच्या थाळ्यांची चळत होती. मी मोजल्या, छत्तीस. वहिनी म्हणाल्या, रोज पाचच लागतात, पण पोरं रोज वेगळी थाळी मागतात म्हणून सगळ्या घासून ठेवते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे पाच जणांचा अर्धा किलो. "आमच्या घरात यापेक्षा जास्त शिजतो," असं म्हणून त्या हसल्या. मधे काही काळ आठवड्यातून एकदा अंडं नाहीतर केळंही असायचं. या सगळ्याचं त्यांना महिन्याला अडीच हजार मानधन मिळतं, तेही महिन्याच्या महिन्याला येतंच असं नाही. आणि गुरुजी मीटिंगला गेले की वर्ग सांभाळतात त्याच. ते मानधनात धरलेलं नाही.

गुरुजींची गोष्ट जरा लांबण लावून सांगायला हवी, कारण गावात ती फार पटकन सांगून टाकतात. आधीचे गुरुजी परभणीकडचे. नवीन आले तेव्हा पोरांचं बोलणं त्यांना समजत नव्हतं आणि पोरांना त्यांचं. एकदा पहिलीतल्या मुलानं "गुरुजी, माका जावचा हा" म्हटलं (त्याची आई सिंधुदुर्गातली), तर गुरुजी कुठे जायचंय विचारत बसले आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं. बांगड्याचा वास त्यांना सोसायचा नाही. पुढे पुढे तेच तिरफळ घातलेल्या आमटीसाठी वहिनींकडे डबा पाठवायला लागले. नऊ वर्षं राहिले. बायको-मुलं तिकडे, आईबाप तिकडे, हे इकडे भाड्याच्या खोलीत. मग आंतरजिल्हा बदल्या झाल्या. २०२३ साली रत्नागिरी जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकदम आपापल्या जिल्ह्यांत गेले, त्यात हेही गेले. जाताना रडले म्हणे. गाव म्हणतं, बाहेरचे येतात, आमच्या जागा अडवतात, कायम झाले की पळतात, आमच्याकडची डी.एड. झालेली पोरं काजूच्या कारखान्यात कामाला. खरंच आहे ते. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या आईबापांना सोडून माणसानं किती वर्षं दुसऱ्याच्या मुलांना वजाबाकी शिकवावी, हेही मला विचारावंसं वाटतं. मी स्वतः माझ्या आईवडिलांना सोडून डोंबिवलीत राहतेच की, आणि मला तर तिकडे कुणी नेमणूक देऊन पाठवलेलं नव्हतं.

ते गेल्यावर काही महिने शाळा शून्य शिक्षकी होती. हा शब्द मी पहिल्यांदा बाळूदादाच्या तोंडून ऐकला. मुलं आहेत, खोली आहे, घंटा आहे, खिचडी आहे, शिक्षक नाही. मग कामगिरीवर, म्हणजे तात्पुरतं, कुणीतरी आलं, आठवड्यातून तीन दिवस. सध्याचे गुरुजी पूर्णवेळ आहेत, पण एकटे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेले आहेत. साठच्या खाली कितीही उतरलं तरी दोनच, असं मी समजत होते. प्रत्यक्षात संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर याचा, तक्ता येतो, त्यात वीसच्या आतल्या शाळेला काय मिळणार हे दर वेळी नव्यानं ठरतं. मधल्या काळात निवृत्त गुरुजींना मानधनावर बोलवायचं ठरलं, नंतर बेरोजगार डी.एड.वाल्यांना पंधरा हजारांवर घ्यायचं ठरलं, नंतर तो निर्णयही फिरला. बाळूदादाकडे या सगळ्या शासन निर्णयांच्या झेरॉक्स आहेत, काजूच्या पोत्यावर नीट रचून ठेवलेल्या. तो दहावी नापास आहे. समिती मात्र नियमाप्रमाणे. बारा ते सोळा सदस्य हवेत आणि त्यातले पाऊणभाग पालक हवेत. पाच मुलांचे मिळून घरं चार. नियम पुरा करायला त्यानं आजी, आजोबा, आत्या असे सगळे पालक म्हणून बसवले. बहादूरच्या बायकोला मात्र समितीत घेतलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "ती आज हाय, उद्या नाय." ती बागेत सहा वर्षं आहे. मुंबईहून वर्षाला नऊ दिवसांसाठी येणाऱ्या अडतिसाव्या सहीबद्दल त्याला असा प्रश्न पडला नाही, आणि मीही तो त्या वेळी पाडून दिला नाही.

शाळा बंद झाली तर मुलं कुठे जाणार? शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेत. कायदा म्हणतो पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला तीन. नकाशावर ती शाळा आमच्या वाडीपासून दीडेक किलोमीटरवर दिसते, म्हणजे नियमाच्या जरासंच बाहेर, आणि तेवढ्यासाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. पण नकाशाला व्हाळ दिसत नाही. आमच्या आणि त्या गावाच्या मध्ये एक व्हाळ आहे. उन्हाळ्यात त्यात पाय बुडत नाही आणि आषाढ-श्रावणात म्हैस उतरत नाही. साकव, म्हणजे छोटा पूल, होता, एका पावसात गेला, त्याचे दोन्ही बाजूचे चिऱ्याचे खांब एकमेकांकडे बघत उभे आहेत. साकव धरला नाही तर सड्यावरून वळसा घालून डांबरी रस्त्यानं सहा किलोमीटर. धनगरवाडीच्या भावंडांना त्यात वरची उतरण आणखी. भत्ता आहे, पण त्या पैशांत सड्यावर रिक्षा येत नाही. रिक्षावाल्याला रोजची किमान आठ-दहा मुलं हवीत. म्हणजे मुलं कमी म्हणून शाळा बंद, आणि मुलं कमी म्हणूनच गाडीही नाही. माझ्या वडिलांच्या पिढीला हे सगळं ऐकून हसू येतं. ते म्हणतात, आम्ही चालतच जायचो. जायचे खरेच. पण त्यांच्याबरोबर निघालेले किती जण सातवीपर्यंत पोचले, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी बोटं मोजली. एका हाताची पुरली.

चालण्याची गोष्ट निघाली की आमच्या जिल्ह्यात कुणालाही महर्षी कर्वे आठवतात. दापोलीजवळच्या मुरूडहून परीक्षेसाठी हा मुलगा १८७५ साली घाट चढून पायी साताऱ्याला गेला आणि तिथे साहेबानं वयानं लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. शाळेत आम्हांला ही गोष्ट जिद्दीचा धडा म्हणून सांगायचे, आणि आम्हीही चपला झिजवण्यात काहीतरी थोर असतं असं समजायचो. आता मला त्या गोष्टीतला साहेब जास्त दिसतो. मुलगा एवढा चालून आला ते त्याच्या कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. धड्यात न सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९३६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, याच कर्व्यांनी जिथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला एक मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी वर्गणी गोळा करत फिरले. स्वतः तेवढं चाललेल्या माणसाला, मुलांनी शाळेकडे चालत जाण्यापेक्षा शाळेनं मुलांकडे यावं असं म्हातारपणी वाटलं असेल, तर त्याच्या पायांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शाळा मुलांकडे आलीही. २०००च्या आगेमागे वस्तीशाळा निघाल्या. आमच्या धनगरवाडीवर एक होती. महिना हजार रुपयांवर शिकवणारी मुलगी, एका घराच्या ओटीवर वर्ग, आणि ओटीखाली बांधलेल्या शेळ्या मध्येच बें करून धडा पुरा करायच्या. ती पुढे बंद पडली, कारण मुलं सरली. हे मान्य करायला हवं. आमच्याकडची शाळा सरकारनं रिकामी केली नाही, आम्ही केली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. पहिल्या दोघांची माणसं पिढ्यान् पिढ्या तिसऱ्याकडे गेली आणि तिसऱ्यानं त्यांना कल्याण-विरारकडे ढकललं. दर वर्षी दहावीचा निकाल लागला की पेपरात मथळा ठरलेला, कोकण पुन्हा अव्वल. २०२४ला तर ९९.०१ टक्के. मला त्याचा अभिमान वाटतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मीही ते पुढे पाठवते. पण नऊ विभागांत सगळ्यात कमी मुलं परीक्षेला बसतात तीही कोकणातूनच, हे त्या मथळ्यात मावत नाही. पास होणारा तिकीट काढतो आणि पुढच्या वर्षी पट आणखी एकानं उतरतो.

वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात १४,७८३ निघाल्या होत्या, आणि त्यांत एक लाख पंच्याऐंशी हजारांवर मुलं. मग २०२३ साली समूह शाळांचा विषय आला. पुण्याकडे पानशेतला आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा केली, मुलांना न्यायला-आणायला बस ठेवली, त्याचं उदाहरण दिलं गेलं. त्यावर उलटसुलट खूप लिहून आलं आणि मी सगळं वाचलं. विरोधातलं वाचताना मान डोलवली. गाव तुटेल, मुलींची शाळा आधी सुटेल, खाजगीला रान मोकळं होईल. सगळं पटलं. मुलींचं तर डोळ्यांनी पाहिलंय. एसटीचा मोफत पास पाचवीपासूनच्या मुलींना आहे, पण एसटीच सकाळची एक आणि संध्याकाळची एक. संध्याकाळची चुकली की आई म्हणते, उद्यापासून नको. बाजूचं वाचलेलं आठवलं तेव्हा मात्र, आता बहादूरच्या बायकोचं वाक्य कानात असल्यामुळे, नकारार्थी मान पूर्ण हलेना. कबड्डीला सात लागतात, खो-खोला नऊ. समूहगीत म्हणायला निदान समूह लागतो. लिहिणाऱ्यांनी दोन्हीकडून कितीतरी मुद्दे मांडले, पण भांडायला कोणी नाही हा मुद्दा मला कुठे दिसला नाही. तो सुचायला रोज दुपारी एकट्या मुलाला बागेच्या बांधावर दगडांशी बोलताना पाहावं लागत असेल.

आणि तरीही गंमत बघा. तोच मुलगा गौरीच्या रात्री आमच्याकडे आरतीला आला होता. आरतीचं पुस्तक हातोहात फिरत होतं. माझी मुलगी चौथीत आहे, डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात. फीचा आकडा मी गावात कधी सांगत नाही. तिच्या हातात पुस्तक आलं तेव्हा ती "रत्नखचित" वर अडकली. दोनदा प्रयत्न केला, मग हसत पुस्तक पुढे दिलं. त्या पोरानं ते घेतलं आणि घडाघडा वाचलं, जोडाक्षरांसकट, "हिरेजडित मुकुट"वर किंचित थांबून, चढ्या आवाजात. नेपाळी आईबापाचा, दुसरीतला. त्याला एक अख्खा शिक्षक एकट्याला मिळालाय, चौथीच्या मुलाचा धडा तो शेजारी बसून ऐकतो, दोन वर्षं पुढचं त्याच्या कानांवर पडून गेलंय. माझ्या मुलीच्या वर्गात बावन्न जण आहेत. माझ्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघ, गावच्या शाळेत कसं शिकवतात." मग माझ्याकडे वळून, "तू पण तिथलीच." त्या गप्प बसल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण मग बाळूदादाची बायको, जी कधी फारसं बोलत नाही, टाळ खाली ठेवत अगदी साधेपणानं म्हणाली, "मग तुम्ही सगळ्यांनी एकेक पोर पाठवा ना इकडं. झाला पट." सगळे हसले. पंखा फिरत होता, समईच्या ज्योती हलत होत्या, आणि मी प्रसादाची वाटी घेऊन विनाकारण आत गेले.

शेवटी सह्या त्रेसष्ट झाल्या. त्या त्रेसष्टांतल्या तिघांचीच मुलं त्या शाळेत आहेत. धनगरवाडीवर बाळूदादा स्वतः चढून गेला होता, अंगठा घेतला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्रेसष्ट माणसांना आपण जिथे शिकलो ती खोली उघडी राहायला हवी आहे. हे ढोंग आहे असं मला वाटत नाही. देवळाचा जीर्णोद्धार काढला की याच माणसांनी लाखांनी वर्गणी दिली, रोज पूजेला कुणी जात नसलं तरी. फक्त देवाला कुणी शेजारी लागत नाही, मुलाला लागतो. मी बाळूदादाला म्हटलं, अर्जात एक ओळ घाल, साकव बांधून द्या, मग आमची मुलं आनंदानं तिकडे येतील किंवा तिकडची इकडे. त्यानं विचार केला. म्हणाला, "साकवाचा खाता वेगळा. एका कागदात दोन खाती आली तर कागद दोघंही टाकतील एकमेकाकडं." वीस वर्षं कागद हाताळून आलेलं हे शहाणपण, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गौरी-गणपतीचं विसर्जन खाडीवर. ढगांतून थोडं ऊन उतरलं होतं, पाखाडीवर शेवाळ, सगळे एकमेकांचे हात धरून उतरत होते. डोक्यावर गणपती, मागे ढोलकी, त्यामागे मुंबईची चाळीसेक पोरं आणि त्यांच्यात हा एक. पाण्यात मूर्ती गेली, आरती झाली, खोबऱ्याचा प्रसाद वाटला. मग गणपतीचा रिकामा पाट आणि त्यावर खाडीतली चिमूटभर वाळू घेऊन घरी परत यायचं, हे काम पोरांचं. पाट माझ्या मुलीनं उचलला होता. तिचा हक्कच, आमच्या घरचा गणपती. चार पायऱ्या चढलो असू, तोच मागून ओरडा. बघते तर पाटाचं एक टोक तिच्या हातात, दुसरं याच्या. मीच धरला होता आधी. तू नाही, मी. आमचा गणपती आहे. मग काय झालं, आरती मी म्हटली. तिला तर आरती येतच नाही. त्यावर माझ्या मुलीनं त्याला ढकललं, त्यानं तिची ओढणी धरली, वाळू सांडली, दोघंही चिखलात बसली आणि तिथूनच एकमेकांना, तिनं हिंदी-मराठी मिसळून आणि त्यानं अस्सल आमच्या बोलीत, जे काही ऐकवायचं ते ऐकवायला सुरुवात केली.

मी पाखाडी उतरून धावले. पण बहादूरची बायको माझ्या आधी तिथे पोचली होती. ती वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती, कंबरेवर हात, ओल्या साडीचा काठ खोचलेला. मी पुढे होऊन पोरांना सोडवणार, एवढ्यात तिनं माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट धरलं.

"राहू दे ताई," म्हणाली. "जरा वेळ राहू दे."